क्रमांक २११४ चे एक्क्याऐंशी गुण

।। श्री ।।

बारामती
२८ एप्रिल १९९७

तीर्थरूप सारजाअक्कास,

योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. दाजींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. म्हैस व्याली, पण खरवस मला मिळाला नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे. छबू, तू हे पत्र अक्काला वाचून दाखवत असशील, तर पुढचं जरा सावकाश वाच. मागच्या वेळी तू अर्धं पत्र गिळलंस, अशी अक्काची तक्रार आहे.

माझं काम नक्की काय, असं दाजी सारखं विचारतात म्हणून नीट लिहिते. तेरा तारखेला संस्थेची निवड परीक्षा झाली, छबूनं दिली तीच. ज्या वीस मुली निवडल्या जातील त्यांना इथल्या वसतिगृहात ठेवून अकरावी-बारावी फुकट शिकवणार. तिचा निकाल यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर लागणार आहे आणि ते काम आमच्या मोहनराव सरांच्या सेंटरला मिळालं आहे. मुलींनी उत्तरं लिहायची नव्हती, पेन्सिलीनं गोल काळे करायचे होते. त्या कागदावर आम्ही भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवतो. भोकांतून जितके काळे गोल दिसतील तितके गुण. ते यादीत लिहायचे. कागदावर नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक, त्यामुळे कोणाचे किती हे मलाही ठाऊक नाही. छबूनं उगाच डोळे मोठे करू नयेत.

मग यादी मी मोठ्यानं वाचते आणि सेंटरमधली वैष्णवी टाइप करते. पडद्यावर क्रमांक आपोआप पुढे सरकतो, मी नुसते गुण वाचायचे. सगळं झालं की तीच यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायची, तिनं पुन्हा टाइप करायची. दोन्ही खेपा मशीन ताडून पाहतं आणि कुठं फरक असेल तर दाखवतं. शनिवारी अकराशे चाळीस मुलींची यादी पुरी झाली तेव्हा पडद्यावर आलं, फरक शून्य. मी तीनदा वाचून खात्री केली. सर वैष्णवीला म्हणाले की ही पोरगी भाकरीसुद्धा दोनदा मोजून खात असेल.

सर माझी आणखी एका गोष्टीवरून थट्टा करतात. एखादी मुलगी गैरहजर असली की मी तो शब्द तोंडानं बोलत नाही. पेन्सिलीनं टेबलावर टक् करते आणि वैष्णवी गैरहजेरीचं बटण दाबते. आपले बिरूआबा मेंढरं मोजायचे तेव्हा मेलेल्या, हरवलेल्या जनावराचं नाव घेऊ द्यायचे नाहीत. जे न्हाय त्याचं नाव घेतलं की कळपात जागा पडती, आन पडल्या जागंत कोण शिरंल सांगता येत न्हाय, असं म्हणायचे. मी बी.कॉम. झाले तरी जीभ वळत नाही. सर म्हणाले, एका शब्दाला भिणारी ऑपरेटर ठेवणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

बनाबाईमावशींचं कसं चाललं आहे? लेक जाऊन दीड महिना झाला ना. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून नाव नकोशी ठेवलं, आणि तिनंच घरात पहिल्यांदा दहावीचा फॉर्म भरला, हे तू मागे लिहिलं होतंस. मी तिला कधी पाहिलं नाही. कावीळ एवढी वाईट असते हे मला माहीत नव्हतं.

इकडे रोज दुपारी वीज जाते आणि गॅलरीतला जनरेटर डोकं उठवतो. बाकी क्षेम. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
योगिनी

* * *

।। श्री ।।

निमगाव केतकी
२२ मे १९९७

चि. योगिनीस,

सारजाअक्काचे अनेक आशीर्वाद. अक्षर छबूचंच आहे, मी सांगते तसं ती लिहिते आहे. आज ती फार सावकाश लिहिते आहे.

तुमच्या संस्थेची पत्रं सोमवारी आली. आपल्या वस्तीवर दोन आली. छबूच्या पत्रात गुण चौतीस, निवड नाही. दुसरं पत्र पोस्टमननं बनाबाईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही म्हणून ती ते घेऊन छबूकडंच आली. त्यात लिहिलं होतं, कु. नकोशी हिस एक्क्याऐंशी गुण मिळाले असून तिची निवड झाली आहे, सोळा जूनला सामानासह वसतिगृहात हजर व्हावे.

छबूनं वाचलं आणि बनाबाईनं तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

तेव्हापासून वस्तीवर कोणाचं चित्त थाऱ्यावर नाही. कोणी म्हणतं सरकारी चूक आहे. पण कॉम्प्युटर चुकत न्हाय, त्याला काय जातपात का गावकी, असं शाळेचे गुरुजीच म्हणाले. बनाबाईनं तर मनाशी पक्कं धरलं आहे. माझ्या लेकीचा जीव त्या परीक्षेत अडकला हुता, ती जाऊन दिऊन आली, असं ती सांगते. तिनं पत्र्याची पेटी आणली, दोन परकर, तेलाची बाटली आणि तांब्या त्यात भरला. जेवताना एक ताट जास्त वाढते. नवरा ओरडला तर म्हणते, जित्तेपणी तिचं ताट कधी पयलं वाढलं न्हाय, आता वाढू द्या की.

छबूच्या बापाचं तुला माहीत आहे. दादासाहेबांनी आधीच सांगितलं होतं, निवड झाली तर बारामती, न्हाय तर पाव्हणं बगायला बोलवायचं. आता चौतीस गुण बघून त्यांनी सणसरच्या माणसांना निरोप धाडला. मी त्यांना म्हटलं, भावजी, पोर सोळाची हाय, जरा दम धरा. ते म्हणाले की वैनी, मढं पास झालं आन हिला पास हुता आलं न्हाय, आता कशाचा दम धरू.

तू शिकलेली आहेस. असं होतं का? तुझ्या पुठ्ठ्याला हे कळतं का? उत्तर लवकर लिही.

तुझी
सारजाअक्का

(ताई, अक्कांनी सांगितलं त्यातलं एक वाक्य मी लिहिलं नाही. ते माझ्याबद्दल होतं. – छबू)

* * *

।। श्री ।।

बारामती
२७ मे १९९७

तीर्थरूप सारजाअक्कास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस, असं होतं का. मला लगेच नाही म्हणता आलं नाही, याची मला लाज वाटते आहे.

यादी संगणकात आम्ही भरली, नावं दुसरीकडं जोडली. म्हणून तिचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलंच नाही. दोन दिवस मी मनाशी घोकते आहे की फरक शून्य होता. पण मशीन फक्त माझी पहिली खेप माझ्याच दुसऱ्या खेपेशी ताडत होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं.

आणखी काही कळल्याशिवाय मी लिहिणार नाही. अर्धवट लिहिलेलं वाईट असतं. आणि अक्का, माझं पत्र तुझ्यापर्यंत येतं ते छबूच्या तोंडून येतं. तुला एकटीला काही सांगायची सोय मला नाही. छबू, हे तू वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. तुझा आणि तिचा बैठक क्रमांक मला कळव. परीक्षेच्या खोलीत तुमच्या रांगेत शेवटी कोण होतं तेही आठवून लिही.

दादासाहेबकाकांना म्हणावं, पाहुण्यांना आठ-पंधरा दिवस थोपवा. कारण विचारलं तर योगिनी म्हणते एवढंच सांग.

माझ्यावरचा विश्वास मोडू नकोस, एवढं मागते.

योगिनी

* * *

निमगाव केतकी
३१ मे १९९७

आदरणीय योगिनीताईंस,

छबूचा सा. न.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे, यात काय लिहिलं ते अक्कांना माहीत नाही. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुला एकटीला सांगायची सोय नाही, ही ओळसुद्धा वाचली. अक्का म्हणाल्या, लिव बाई तिला काय लिवायचं ते.

नकोशीचा क्रमांक २११४. माझा २११५. दोघींचे फॉर्म मीच भरले होते म्हणून पाठोपाठ आले. रांगेत शेवटी २१२४ होती, काटीची मुलगी. ती पूर्ण वेळ बसून पेपर देऊन गेली आणि तिला पत्र आलं की तुम्ही गैरहजर होता. तिचा भाऊ परवा बाजारात भेटला, त्यानं सांगितलं.

ताई, आता तुम्हाला एक सांगते. त्या दिवशी माझ्या पुढचा बाक रिकामा होता. पेपर सुरू झाला आणि तो बाक हलला. मी मान वर केली नाही. दोनदा हलला. तुम्ही म्हणाल वारा, किंवा माझाच पाय लागला. लागलाही असेल, आमचे बाक एकमेकांना जोडलेले आहेत. पण मी हे बनामावशींना सांगून बसले. पत्र वाचलं तेव्हा भीतीनं तोंडातून गेलं. त्यावरच त्यांनी सगळं धरलं आहे. पेटी माझ्यामुळं भरली गेली. रोज मला बोलावतात आणि विचारतात, किती येळा हालला गं बाक, तिनं मागं वळून बगितलं का. मी नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. काल मी हो म्हणाले.

अक्कांचं जे वाक्य मी लिहिलं नव्हतं ते असं. त्या म्हणाल्या होत्या, छबू पाण्याला गेली की बाया बाजूला सरतात.

मला पेपर चांगला गेला होता. चौतीस मला पटत नाहीत. पण ते एक्क्याऐंशी माझे असतील तर तुम्ही ते तिच्याकडून काढून आणणार. ते नको. तिला जन्मभर कोणी काही दिलं नाही. पाहुणे चौदा तारखेला येणार आहेत. तुमच्या निरोपावर माझ्या वडिलांनी एवढीच मुदत दिली. मी बघून घेईन.

राग धरू नका.

छबू

* * *

।। श्री ।।

बारामती
५ जून १९९७

चि. छबूस,

योगिनीताईचे आशीर्वाद. हे पत्र तुझ्याच नावानं लिहिते. अक्काला तू वाचून दाखव किंवा नको, ते तुझ्यावर.

तुमचे कागद सेंटरच्या मागच्या खोलीत पोत्यांत भरलेले आहेत. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी पोतं सोडलं. खरं सांगते, २११३ चा कागद हाती आला तेव्हा पुढचा उचलायला माझी बोटं तयार नव्हती. आपण शाळा शिकलो, कॉलेज केलं, तरी मला वाटत होतं की खाली २११४ चा कागद असेल आणि त्याचे गोल काळे केलेले असतील. खाली तुझा होता. २११५. तिचा कागद नव्हताच. मी तिथंच बसून रडले. सुटल्यामुळं की लाजेमुळं, ते मला कळलं नाही.

तुझ्या कागदावर पुठ्ठा ठेवून चार वेळा मोजलं. एक्क्याऐंशी.

काय झालं ते सांगते. यादीत तिच्यापुढं रेघ होती. मी बोलले नाही, पेन्सिलीनं टक् केलं. जनरेटर चालू होता, वैष्णवीला ऐकू गेलं नाही. मी पुढचे गुण वाचले ते तुझे होते, ते तिनं २११४ पुढं भरले. मग तुमच्या रांगेचं पान संपेपर्यंत प्रत्येकीचे गुण एक घर वर गेले. पानाच्या शेवटी मी यादीची पाटी टेबलावर आपटून ठेवते. तो आवाज तिला ऐकू गेला, आणि शेवटचं घर रिकामं होतं म्हणून तिथं तिनं गैरहजेरी भरली. दुसऱ्या खेपेलाही तोच जनरेटर, तीच मी, तीच पाटी. म्हणून फरक शून्य. तोंडानं एक शब्द बोलले असते तर यातलं काही झालं नसतं. अकरा मुली आहेत छबू, तुम्ही दोघीच नाही.

मोहनराव सरांना सांगितलं. आधी ते म्हणाले की मशीन शून्य म्हणतंय आन तू पुठ्ठा घिऊन मला शिकवतीस व्हय. मग मी कागद पुढं ठेवले. त्यांनी स्वतः मोजले आणि डोक्याला हात लावला. बोभाटा झाला तर संस्था परत दारात उभं करणार नाही, पोती तशीच पेपरमिलला जाऊ दे, निकाल लागून गेला, असं ते म्हणाले. ते वाईट नाहीत. आमच्या आठ जणांचा पगार त्यांच्यावर आहे. पण दुसऱ्या दिवशी मी दहा कागद घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेले तेव्हा ते जिन्याखाली स्कूटर लावून उभे होते. तुला एकटीला बोलणी खाऊ देईन का, म्हणाले. बोलणी दोघांनीही पोटभर खाल्ली. मला आता यादी वाचायला देत नाहीत. सगळे कागद पुन्हा मोजून देईपर्यंत मी सेंटरला येणार आणि पगार घेणार नाही, असं माझं मीच ठरवलं आहे.

लासुर्ण्याच्या एका मुलीची निवड आता रद्द होणार. तिला शेहेचाळीस आहेत आणि आम्ही तिच्या पुढच्या क्रमांकाचे सत्त्याहत्तर कळवले होते. तिच्या घरी पेढे वाटून झाले आहेत. तिलाही मीच पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

तुझं निवडीचं पत्र निघेल, पण कारकून म्हणतात की वीस जागांची वीसच पत्रं. नकोशीच्या नावाचं मूळ पत्र परत जमा झाल्याशिवाय तुझं देता येत नाही. म्हणजे कोणीतरी ते बनाबाईमावशींच्या हातून घ्यायला हवं. ते तू करायचं नाहीस आणि अक्कानंही नाही. रविवारी सकाळच्या इंदापूर गाडीनं मी येते.

तू लिहिलंस की तिला जन्मभर कोणी काही दिलं नाही. पण हे मी तिला दिलेलं नाही छबू. हे मी तुझ्याकडून घेतलं आहे.

योगिनीताई

* * *

।। श्री ।।

निमगाव केतकी
१९ जून १९९७

चि. योगिनीस,

सारजाअक्काचे आशीर्वाद. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. छबू गेली, आता पोस्टमन म्हस्कूराव लिहितात. एका पत्राला दोन कप चहा घेतात आणि मी सांगते त्यात स्वतःचं घालतात. आता लिहिलं ते त्यांनी मुकाट्यानं लिहिलं, यावरून चहा चांगला झाला असावा.

तू त्या रविवारी आलीस, बनाबाईच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलंस, आणि तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. तू रिकाम्या हातानं गेलीस. एस.टी.त चढताना तुझं तोंड बघवत नव्हतं. त्यानंतर सहा दिवस ती घराबाहेर आली नाही. मी दोनदा भाकरी घेऊन गेले, तर आतून म्हणाली, सारजे, तुज्या भनीला यवढं मोजायला येतं, मंग आधी का न्हाय मोजलं. मी भाकरी उंबऱ्यावर ठेवून आले.

चौदा तारखेला सणसरचे पाहुणे आले. छबूला साडी नेसवून पाटावर बसवली होती. पोहे फिरले, नाव विचारून झालं. तेवढ्यात बनाबाई दारातून थेट आत. हातात ते पत्र. सगळ्यांना वाटलं हिला लागिर झालं, पाहुण्यांतली म्हातारी तर पदर तोंडाला लावून मागं सरकली. बनाबाईनं पत्र छबूच्या मांडीवर ठेवलं आणि पाहुण्यांना म्हणाली की ही पोर बारामतीला निगाली हाय. जागा हिचीच हुती, माज्या लेकीचं नाव चुकून पडलं हुतं. पव्हं खावा, च्या पिऊन जावा.

दादासाहेब उठले. बनाबाई त्यांना म्हणाली, दादासायेब, माजी गेली तवा मी काय करू शकली न्हाय. तुमची तर हितं बसलीया. एवढं बोलून ती आली तशी निघून गेली. पाहुणे पोहे खाऊन गेले, चहाला थांबले नाहीत.

सोळाला दादासाहेब स्वतः छबूला घेऊन गेले, वळकटी डोक्यावर घेऊन. तू गाडीपाशी होतीस हे त्यांनी सांगितलं. वस्तीवर परत आल्यावर म्हणाले की वसतिगृहाचा वरांडा आपल्या देवळाएवढा हाय. तीन दिवस तेवढंच सांगतात.

आता बनाबाईचं. जादा ताट बंद झालं. पेटी मात्र भरलेलीच आहे, तिला हात लावू देत नाही. काल माझ्याकडं येऊन बसली. मी शेंगा फोडत होते, तीही फोडू लागली. मग म्हणाली, सारजे, मला तिचं तोंड आठवंना झालंय. फोटू काडलाच न्हाय कधी. थोरलीच्या लग्नात काडला त्यात ती माणसांच्या मागं हाय, नुसती येणी दिसती. तुज्या भनीला इच्यार, तितं कार्यालयात तिचं काय हाय का. नाव खोडलं आसलं तरी चालंल. कागद, चिटुरा, काय बी.

मी विचारते असं म्हणाले. आहे का गं काही?

(पोस्टमन म्हस्कूरावांकडून : ते निवडीचं पत्र मागच्या महिन्यात मीच बनाबाईच्या हातात दिलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं जड पत्र मी वाटलं नाही. नमस्कार.)

तुझी
सारजाअक्का

* * *

।। श्री ।।

बारामती
२५ जून १९९७

तीर्थरूप सारजाअक्कास,

शि. सा. न. वि. वि. म्हस्कूकाकांनाही नमस्कार.

छबू बरी आहे. दर रविवारी मी तिला भेटणार आहे. वर्गात अजून कोणाशी बोलत नाही, पण मेसच्या आमटीला नावं ठेवायला लागली आहे.

मावशींनी विचारलं ते मी कार्यालयात जाऊन पाहिलं. परीक्षेचे फॉर्म कपाटात गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. नकोशीचा आहे. अक्षर छबूचं आहे, खाली सही तिची स्वतःची. आणि वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवलेला आहे. मी छबूला विचारलं. ती म्हणाली की हो, फॉर्मसाठी आम्ही दोघी घरी न सांगता इंदापूरला गेलो होतो. एकच प्रत काढली होती, दोन काढण्याएवढे पैसे आमच्याकडं नव्हते. मावशी मारतील म्हणून सांगितलं नाही. मग ती गेली, आणि नंतर सांगायला मला तोंड उरलं नाही.

कारकुनांकडे फोटो मागितला. ते म्हणाले रेकॉर्ड आहे, पाच वर्षं हलवता येत नाही. त्यांचं चूक नाही, नियम तसाच आहे. मी त्यांना वरिष्ठांकडे अर्ज करू का असं विचारलं. ते म्हणाले, करा, बघू.

अक्का, मी आजवर कोणाची पेन्सिलसुद्धा न विचारता घेतलेली नाही, हे तुला माहीत आहे. ते जेवायला गेले तेव्हा मी रुमाल पाण्यात भिजवून फोटोवर दाबून धरला आणि पापुद्रा सुटेपर्यंत थांबले. फॉर्म होता तसा गठ्ठ्यात बांधला. कोपऱ्यात आता चौकोनी डाग आहे. कोणी विचारलं तर मी माझं नाव सांगेन. सरांना मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही, जनरेटर चालू आहे. वीज होती.

फोटो पाकिटात घातला आहे. खांद्यावर शिक्क्याची निळी कड आली आहे, तिला माझा इलाज नाही. मी त्या मुलीला पहिल्यांदाच पाहिलं. मी तिला क्रमांकानं ओळखत होते. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही, जरा बाजूला बघते आहे आणि हसू दाबते आहे. तिकडं छबू उभी असणार.

म्हस्कूकाका, हे पत्र वाचून होईपर्यंत थांबू नका. आधी फोटो मावशींच्या हातात द्या.

तुम्हा सर्वांच्या मायेची भुकेली,

योगिनी